जाळीपाशी पंचवीस मिनिटं

ताई,

आमचा मुलगा सव्वादोन वर्षांचा आहे. घरात शहाण्यासारखा असतो, पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की त्याच्या अंगात येतं. गेल्या सुट्टीच्या दिवशी बायकोने बॅग भरली आणि आम्ही अकराला निघालो. आधी भाच्याचा वाढदिवस, तिथून कपड्यांचं दुकान, मग बाग. वाढदिवसाला हा आईच्या मांडीवरून उतरलाच नाही. बाकीची मुलं खेळत होती आणि हा तिच्या खांद्यात तोंड खुपसून बसलेला. दुकानात जमिनीवर लोळण घेतली, सगळं दुकान आमच्याकडे बघत होतं. बाग तर खास त्याच्यासाठी होती. पण फाटकापाशी पाणी जायची लोखंडी जाळी आहे, तिथे हा पंचवीस मिनिटं उकिडवा बसून खडे टाकत राहिला. झोपाळ्यापर्यंत आम्ही पोचलोच नाही. शेवटी माझा संयम सुटला. एका हाताला धरून त्याला उचललं आणि गाडीत बसवलं. परतताना माझं नि बायकोचं वाजलं, मग घर येईपर्यंत कोणी बोललं नाही.

आता ती म्हणते, हा तीन वर्षांचा होईपर्यंत कुठेही जायचं नाही. माझं म्हणणं, सवय लागली नाही तर पुढे जड जाईल. आई म्हणते, आम्ही तुम्हाला सगळीकडे नेलं, तुम्ही कधी असं केलं नाहीत. मोबाइल दिला की हा गप्प बसतो, पण बायकोला ते नको असतं, त्यावरूनही आमच्यात वाद होतात. कोण बरोबर आहे? आणि मुलगा हट्टी होतोय का?

– एक बाप


भाऊ,

कोण बरोबर याचा निकाल सदर लिहिणाऱ्याने देऊ नये, असा संकेत आहे. मी देते. त्या दिवशी तुमच्या घरातला सर्वांत बरोबर वागलेला माणूस सव्वादोन वर्षांचा होता.

जाळीपासूनच सुरुवात करते, कारण पत्रातला तेवढाच भाग मी हसत वाचला. पंचवीस मिनिटं! एका जागी, न रडता, न कंटाळता. खडा टाकला की तो दिसेनासा होतो आणि क्षणभराने खालून आवाज येतो. लहान खडा जातो, मोठा अडकतो. पान टाकलं तर ते डुलत डुलत जातं आणि आवाजच येत नाही. मग पुन्हा खडा टाकून बघायचं, मघाशी झालं तसंच आताही होतं का. घरी जेवताना चमचा वीसदा खाली टाकून तो हेच तपासत असतो, आणि आपण तो वीसदा उचलून देताना वैतागतो. बाग त्याच्यासाठी होती असं तुम्ही म्हणता. तो बागेतच होता की. झोपाळा तुमच्या डोक्यात होता.

न्यूयॉर्क विद्यापीठात कॅरन ॲडॉल्फ नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. मुलं चालायला कशी शिकतात, हाच त्यांचा आयुष्यभराचा विषय. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक मोजमाप प्रसिद्ध केलं. वर्ष ते दीड वर्षाची मुलं मोकळी खेळत असताना तासाभरात सरासरी २,३६८ पावलं टाकतात, जवळजवळ सातशे मीटर चालतात आणि सतरा वेळा पडतात. तुमचा मुलगा त्यांच्यापेक्षा मोठा आहे, त्यामुळे सतरा पडणी आता उरली नसतील. पण मला त्यांचं पुढचं काम जास्त आवडतं. २०१९ मध्ये त्यांच्याच गटाने बघितलं की, खोलीत खेळणी असोत किंवा खोली रिकामी असो, ही पोरं सारखीच चालतात. खेळणं दिसलं म्हणून तिकडे निघाली, असं क्वचितच घडतं. निघतात, मध्येच थांबतात, वळतात, काही सापडलं तर सापडलं. आपण मोठी माणसं पोचण्यासाठी चालतो. या वयाच्या मुलाला कुठे पोचायचंच नसतं. त्याच्याबरोबर बाहेर पडताना तुमचे जे काही खटके उडतात, त्यातले बरेचसे या एका फरकातून येतात.

आता त्या दिवसाचा हिशोब. जागतिक आरोग्य संघटनेने पाच वर्षांखालच्या मुलांसाठी २०१९ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यात एक-दोन वर्षांच्या मुलांना चोवीस तासांत ११ ते १४ तास झोप लागते असं म्हटलंय, आणि त्यात दिवसाची झोपही धरलेली आहे. तुम्ही अकराला निघालात, दुपारी वाढदिवस, मग दुकान, मग बाग. मुलगा दुपारी झोपला कधी? पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. म्हणून मी असं धरते की, वाढदिवस आणि दुकान यांच्यामध्ये गाडीत दहा मिनिटं डोळा लागला असेल आणि दुकान आल्यावर तुम्ही त्याला उठवलं असेल. तसं असेल तर दुकानातल्या लोळणीचं कारण शोधायला हट्टापर्यंत जायची गरज नाही. तुम्हाला कोणी रात्री एक वाजता झोपेतून उठवून कपड्यांच्या दुकानात उभं केलं असतं, तर तुम्हीही लोळला असता. निदान लोळावंसं तरी वाटलं असतं.

तीन ठिकाणं तुम्ही एकाच दिवसात का बसवलीत तेही मला कळतं. हप्ताभर काम, एकच सुट्टी, बाहेर पडलोच आहोत तर उरकून घेऊ. मोठ्यांचं ते शहाणपणच आहे. पण या वयाच्या मुलाला प्रत्येक नवी जागा म्हणजे नवे आवाज, नवे चेहरे, पुन्हा बूट, पुन्हा पट्टा, पुन्हा 'चल, चल'. एका वेळी एकच जागा, एवढं जरी पाळलंत तरी अर्धं पत्र लिहायची वेळ आली नसती. दुकानाचं काम त्याला न घेता होतं. दोघांनीही जायलाच हवं असेल तर सकाळी झोप पूर्ण झाल्यावर जा, अर्ध्या तासाच्या वर थांबू नका, आणि त्याच्या हातात काम द्या. हा मोजा धर, ही पिशवी उघड, पैसे दिल्यावर पावती तू घे. काम असलेलं पोर कमी लोळतं. अजिबात लोळत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही.

लोळण घेतलीच तर काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुम्हाला तेच हवंय असं वाटतं. मायकेल पोटेगल आणि रिचर्ड डेव्हिडसन या दोघा संशोधकांनी दीड ते पाच वर्षांच्या ३३५ मुलांच्या पालकांकडून प्रत्येकी एका थयथयाटाचं बारीक वर्णन लिहून घेतलं. २००३ मध्ये ते छापून आलं. चारांतले तीन थयथयाट पाच मिनिटांच्या आत संपले होते. बरेचसे तर मिनिटभरही टिकले नव्हते. तुम्हाला दुकानात तो अर्धा तास वाटला असणार, याची मला खात्री आहे. लोक बघत असले की घड्याळ थांबतं. त्याच कामात आणखी एक गोष्ट दिसली. किंचाळणं, लाथा मारणं हा राग सुरुवातीला चढतो आणि उतरतो. रडू आणि केविलवाणेपणा मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत असतो. म्हणून राग चढलेला असताना समजावत बसण्यात अर्थ नसतो, त्या वेळी शब्द आत जात नाहीत. जवळ बसा. उभे राहू नका, बसा. डोकं कशावर आपटत नाही ना, एवढं बघा. लोकांच्या वाटेत असाल तर उचलून बाजूला न्या. फार तर एक वाक्य बोला, 'मी इथेच आहे'. तेच पुन्हा. राग ओसरला की पोर स्वतःच हात पुढे करतं. तेव्हा कडेवर घेतलंत तर त्याचे लाड झाले असं अजिबात समजू नका. जी वस्तू आधी नाही म्हटली होती ती तेव्हा द्यायची नाही, एवढंच पाळायचं. जवळ घेणं वेगळं आणि वस्तू देणं वेगळं.

आणि लोकांचं म्हणाल तर, बघणाऱ्यांपैकी निम्मे स्वतःचं पोर आठवत असतात. उरलेल्यांना पोर नसतं.

आता थोडं कडक बोलते. एका हाताला धरून उचललं, असं तुम्ही लिहिलंय. हे पुन्हा करू नका. रागावलात म्हणून म्हणत नाही, राग सगळ्यांना येतो. एक ते चार वर्षांच्या मुलांच्या कोपरातली हाडं धरून ठेवणारा बंध अजून सैल असतो. हात ताणून एकदम ओढलं, उचललं किंवा झुलवलं तर कोपराशी हाड जागचं सरकतं. मूल तो हात वापरायचं बंद करतं, जरासा वाकवून अंगाशी लटकत ठेवतं आणि कोणाला त्याला हात लावू देत नाही. डॉक्टर ते बहुतेक वेळा काही क्षणांत बसवतात, पण बसवायचं काम डॉक्टरांचंच, घरी ओढाताण करायची नाही. 'एक, दोन, तीन, हुर्रे' म्हणत दोन्हीकडून आईबाप हात धरून पोराला हवेत झुलवतात ना, त्यातही हेच होतं. उचलायचं तर काखेत हात घालून. तुमच्या मुलाचा हात ठीक असणार, नाहीतर तुम्ही ते आधी लिहिलं असतं. पण तो दिवस त्याच्या लेखी तसाच संपू देऊ नका. 'त्या दिवशी बाबांनी तुला जोरात उचललं, बाबांचं चुकलं.' इतकं म्हणा. सव्वादोन वर्षांच्या मुलाला बोलता येतं त्याच्या कितीतरी पट कळत असतं.

वाढदिवसाकडे येऊ. मांडीवरून उतरला नाही याचं तुम्हाला वाईट वाटलं, कदाचित थोडी लाजही. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी १९५० च्या दशकात युगांडात आणि पुढे बाल्टिमोरमध्ये लोकांच्या घरी तासन् तास बसून आई आणि बाळ यांचं निरीक्षण केलं. आईला तळ मानून मूल जग बघायला निघतं, थोडं दूर जातं, परत येऊन तळ जागेवर आहे ना ते तपासतं, पुन्हा निघतं, असं त्यांच्या लक्षात आलं. अनोळखी गर्दीत तळाला चिकटून बसणं हा त्याच व्यवहाराचा भाग आहे. तळाला ढकललंत, 'जा रे, खेळ की सगळ्यांबरोबर' असं चारदा म्हणालात, की तो आणखी घट्ट धरणार. वीस मिनिटं त्याच्याकडे कोणी लक्षच देऊ नये, हा सर्वांत चांगला उपाय. पापा दे, मिठी मार, टाटा कर, असली फर्माईश नातेवाइकांनी केली तर बाप म्हणून तुम्ही मध्ये पडा. आणखी एक साधी युक्ती आहे. अशा ठिकाणी सगळ्यांच्या आधी पोचा. रिकाम्या खोलीत मूल पाय रोवतं, मग माणसं एकेक येत जातात आणि ती 'त्याच्या' खोलीत येत असतात. भरल्या खोलीत शिरणं मोठ्यांनाही जमत नाही. मला तर अजून जमत नाही.

शिवाय 'बाकीच्या मुलांबरोबर खेळणं' हे तुम्ही बरंच पुढचं मागताय. संशोधक मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ साली बालवाडीतल्या मुलांच्या खेळाची जी वर्गवारी मांडली, ती आजही शिकवली जाते. त्यात लहान मुलांचा खेळ म्हणजे शेजारी शेजारी बसून आपापलं खेळणं. एक मूल वाळूत खणतं, दुसरं त्याच्या बाजूला वाळूत खणतं, आणि दोघं एकमेकांकडे ढुंकून बघत नाहीत. आपल्याला वाटतं जमलं नाही. त्यांच्या हिशोबी छान मैत्री झालेली असते.

तुमच्या आईंच्या बोलण्याबद्दल फार लिहीत नाही. माझ्या आईचंही हेच म्हणणं होतं. मग एकदा माझ्या मावशीने तिच्यासमोरच सांगितलं की, मी लहानपणी एका लग्नाच्या मांडवात इतकं भोकाड पसरलं होतं की आई मला घेऊन बाहेर पायरीवर बसली आणि लग्न तिने बघितलंच नाही. आई म्हणाली, छे, ती ही नव्हे. मीच होते. आईंशी वाद घालू नका. त्यांनी नेलं तेव्हा घ्यायला किती हात होते, एवढं मात्र सहज, बोलता बोलता विचारून बघा.

मोबाइल. तुमच्या बायकोची बाजू मी घेणार आहे, पण तिच्याइतकी कडक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर म्हटलेल्या सूचनांमध्ये दोन वर्षांच्या मुलांसाठी पडद्यासमोरचा वेळ दिवसाला एक तासाच्या आत, आणि जितका कमी तितका बरा, असं आहे. माझं कारण त्याहून साधं आहे. तुम्ही त्याला बाहेर न्यायचं म्हणता सवय लागावी म्हणून. मोबाइल हातात असताना तो बाहेर नसतोच, त्याला सवय मोबाइलची लागते. दवाखान्यात तासभर बसावं लागलं, गाडी रस्त्यात बंद पडली, अशा वेळी द्या आणि मनाला लावून घेऊ नका. बागेत, वाढदिवसात, जेवायच्या टेबलावर नको. त्याच सूचनांमध्ये हेही आहे की बाबागाडीत किंवा खुर्चीत पट्टा लावून मुलाला सलग तासाभरापेक्षा जास्त अडकवून ठेवू नये, आणि दिवसभरात मिळून निदान १८० मिनिटं त्याची हालचाल व्हावी. लांबच्या प्रवासात तासातासाने थांबून त्याला पाच मिनिटं पळू दिलंत तर मोबाइलची वेळ बरीचशी टळेल.

निघायच्या वेळेचं भांडण हा वेगळाच प्रकार. 'पाच मिनिटांत निघायचं' हे वाक्य त्याच्यासाठी निरर्थक आहे, त्याला मिनिट माहीत नाही. त्याला 'आधी' आणि 'मग' कळतं. अजून तीन खडे, मग बूट. तिन्ही खडे तुम्ही त्याच्याबरोबर मोजून टाका आणि तिसऱ्यानंतर खरंच उठा. चौथा दिलात तर पुढच्या वेळी तीनला किंमत राहणार नाही. मग जाळीला अच्छा करायचं, फाटकाला अच्छा करायचं. हे अच्छा करणं तुम्हाला बावळटपणाचं वाटेल. पण संपलं हे शब्दात सांगून त्याला उमगत नाही, हात हलवून उमगतं. गाडीत बसायचं की नाही, हे कधी विचारू नका, कारण 'नाही' हे उत्तर तुम्हाला चालणार नाहीये. स्वतः चढणार की बाबांनी उचलायचं, हे विचारा.

आणि मजा चालू असतानाच परत फिरा. हे सगळ्यांत अवघड. मूल आनंदात आहे, कशाला उठवायचं, असं वाटून आपण अर्धा तास वाढवतो आणि त्या अर्ध्या तासाच्या शेवटी सगळं बिनसतं. दर आठवड्याला एकच मोठी सहल काढण्यापेक्षा, आठवड्यातून दोन-तीनदा, त्याच एका जागी, चाळीस मिनिटं. तीच जागा पुन्हा पुन्हा. आपल्याला नावीन्य लागतं, त्याला ओळखीची जाळी लागते.

काही बाबतीत मात्र त्याचं चालू द्यायचं नाही, आणि त्या आधीच ठरवून ठेवा म्हणजे जागेवर वाद होत नाही. रस्त्याच्या कडेला हात धरायचा. धरायचा नसेल तर कडेवर. रडला तरी कडेवर. पाण्याजवळ हाताच्या अंतरावर एक मोठं माणूस असलंच पाहिजे, कारण पाच सेंटिमीटर पाण्यातही एवढं मूल बुडू शकतं आणि बुडताना आवाज करत नाही. बंद गाडीत त्याला एकटं ठेवायचं नाही, दोन मिनिटांसाठीही नाही. उन्हात उभी गाडी दहा मिनिटांत आतून साधारण दहा अंशांनी तापते. गाडीत त्याच्या मापाची मुलांची खुर्ची मागच्या आसनावर असावी, आणि त्या खुर्चीच्या वजन-उंचीच्या मर्यादेत बसतो तोवर तोंड गाडीच्या मागच्या बाजूला केलेली. तुम्ही 'गाडीत बसवलं' एवढंच लिहिलंय, पट्टा लावला होता असं धरून चालते. खाऊ बसून खायचा, पळताना नाही. द्राक्षासारखं गोल फळ उभं चिरून चार फोडी करून द्यायचं, अख्खे दाणे पाच वर्षांपर्यंत नकोत. झालं. बाकी कपडे मळणं, बूट ओले होणं, मुंगीसाठी थांबणं, यावर तुम्ही भांडू नका.

आता ज्या वाक्यासाठी मी तुमचं पत्र पुन्हा वाचलं, ते.

तुमच्या पत्रात सगळीकडे 'आम्ही' आहे. आम्ही निघालो, आम्ही पोचलो नाही, आमच्याकडे बघत होतं. बॅग भरताना मात्र 'आम्ही' नाही. 'बायकोने बॅग भरली आणि आम्ही अकराला निघालो.'

त्या बॅगेत काय होतं, हे बघू न देता तुम्हाला विचारलं तर सांगता येईल? किती डायपर होते? जास्तीची चड्डी एक की दोन? तो पाणी ज्यातून पितो ते भांडं कुठल्या कप्प्यात होतं? ओल्या कपड्यांसाठी वेगळी पिशवी होती का? मी हिणवण्यासाठी विचारत नाही. बॅग भरणाऱ्याच्या डोक्यात सकाळी उठल्यापासून एक यादी फिरत असते. नाश्ता किती वाजता, म्हणजे भूक किती वाजता, शू कधी, झोप कुठे. बाहेर पोचल्यावर ती यादी थांबत नाही. वाढदिवसाला तो जिच्या मांडीवर होता तिने तिथे काय खाल्लं, कोणाशी बोलली, हे तुमच्या पत्रात नाही, बहुधा कारण तसं काही घडलंच नाही. 'तीन वर्षांपर्यंत कुठेही जायचं नाही' असं ती म्हणते तेव्हा तिला मुलाला घरात कोंडायचं आहे, असं मला वाटत नाही. मला ते असं ऐकू येतं: अशी सुट्टी मला आणखी नको. चुकत असेन तर तिलाच विचारा. पण गाडीत नको, आणि तो जागा असताना नको.

माझी मुलगी दोन वर्षांची असताना एका सकाळी मी तापाने पडले होते आणि माझा नवरा तिला घेऊन बाहेर गेला. पहिल्यांदाच, एकटा. मी अंथरुणातून सूचना देत होते, त्याने हात जोडून मला गप्प केलं. दीड तासाने दोघं परत आली. मुलगी त्याच्या शर्टात गुंडाळलेली, तो बनियनवर, आणि तिच्या पायात एकच बूट. डायपर न्यायचे राहिले होते. दुसरा बूट शेवटपर्यंत सापडला नाही. मी बोलायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की दोघांचेही चेहरे फुललेले आहेत. पुढच्या वेळी त्याने स्वतः बॅग भरली, आणि खरं सांगते, माझ्यापेक्षा चांगली भरली. त्यात सुटा बनियनही होता. माझी चूक एवढीच की, आधीची दोन वर्षं ती बॅग मी कोणाला हात लावू दिली नव्हती. तुमच्या घरी तसं आहे का, ते मला माहीत नाही. असेल तर हा परिच्छेद तिला वाचून दाखवा, माझ्या नावावर.

म्हणून माझा सल्ला हा. आठवड्यातलं एक बाहेर पडणं संपूर्ण तुमचं. 'मदत' म्हणून नको, संपूर्ण तुमचं. आदल्या रात्री बॅग तुम्ही भरायची, सकाळी त्याला तयार तुम्ही करायचं, नेणं-आणणं तुम्ही, परत आल्यावर बॅग रिकामी करून ओले कपडे धुवायला टाकणंही तुम्ही. त्या वेळात बायकोने काय करायचं, ते ती ठरवेल. झोपली तर झोपू द्या. फोन करून 'त्याची टोपी कुठेय' विचारायचं नाही, आणि तिनेही फोन करून 'खाल्लं का' विचारायचं नाही. शिवाय महिन्यातून एकदा तुम्ही दोघांनी त्याला न घेता कुठेतरी जा, तासभर का होईना. एकाच सहलीत मुलाचं खेळणं, नातेवाइकांची भेट, खरेदी आणि नवराबायकोचं फिरणं, एवढं सगळं तुम्ही कोंबत होता. पुढच्या वाढदिवसाला एकानेच मुलाला घेऊन जावं, किंवा एकानेच त्याला न घेता. सगळ्यांनी सगळीकडे गेलं पाहिजे, असा काही नियम नाही.

परतीच्या गाडीबद्दल एकच सांगते. आज काय चुकलं, याची चर्चा घरी पोचून, हातपाय धुऊन, पोर झोपल्यावरच. थकलेली तीन माणसं एका बंद डब्यात असताना त्यातल्या दोघांनी हिशोब काढू नये. तिसरा मागे बसून सगळं ऐकत असतो.

हट्टी होतोय का, असं तुम्ही विचारलंत. पंचवीस मिनिटं खडे टाकणारं मूल चिकाटीचं आहे, यापलीकडे मला पत्रातून काही दिसलं नाही. तो माणसांकडे बघतच नसेल, हाक मारली तर वळत नसेल, आधी बोलत असलेले शब्द बोलायचं थांबला असेल, तर वेळ न घालवता मुलांच्या डॉक्टरांना दाखवा. तुमच्या पत्रात तसं काही नाही.

येत्या सुट्टीला सकाळी, त्याची झोप झाल्यावर, फक्त बागेत जा. तो जाळीपाशी बसला की तुम्हीही उकिडवे बसा आणि खाली वाकून बघा. नेमकं काय आहे तिथे? पाणी आहे, की नुसता अंधार? मोठा खडा अडकतो तो कितवा? मला कळवा, मला खरंच उत्सुकता आहे.